शिडी धरणारे मामाजी

मामाजी, गेलेल्या माणसाशी बोलणं तुम्हाला कधी पटलं नाही. माझी आई गेली त्या वर्षी मी स्वयंपाक करताना तिच्याशी बोलत असे. आज दूध उतू गेलं, आज भाजीत मीठ जास्त झालं, असं काहीबाही. एकदा तुम्ही पाणी प्यायला आत आलात आणि ते ऐकलंत. ग्लास ओट्यावर ठेवत म्हणालात, "वर्षा, गेलेल्या माणसाले ऐकू येत नाही. जे सांगायचं ते जित्या माणसाले सांगत जा."

"मग तुम्हाले सांगू का मिठाचं?"

"सांग ना. मले तर रोजच समजते."

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. आज मी तुमचं न ऐकता हे लिहायला बसले आहे. जित्या माणसाला सांगायचं राहून गेलं, म्हणून.

परवाच्या शोकसभेत लोक बोलले ते सगळं खरं होतं. रेल्वेच्या सिग्नल खात्यातली तुमची नोकरी, पाऱ्यातल्या, आपल्या वस्तीतल्या मुलांसाठी तुम्ही काढलेलं वाचनालय, कुणापुढे न वाकण्याचा तुमचा स्वभाव. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते आणि मनात एवढंच येत होतं, की यातल्या कुणीही या माणसाला शिडीच्या खाली उभं राहिलेलं पाहिलेलं नाही. दोन्ही हातांनी शिडी धरलेली, मान वर, तोंडावर सिमेंटची भुकटी पडून राहिली आहे आणि माणूस डोळे बारीक करून म्हणतो आहे, "घाई नको करू. मी धरून आहे."

पण त्याच्या आधी आपला वाद सांगायला पाहिजे.

माझं माहेर रायपूरच्या समता कॉलनीतलं. घरात देवघर, अंगणात तुळस, दिवाळीला फाटकापासून गच्चीपर्यंत पणत्या. तिथून मी कारखान्यांच्या बीरगांवला तुमच्या घरी सून म्हणून आले. माझ्या घरच्यांनी या लग्नाबद्दल बराच राग धरला. तुम्ही मात्र पहिल्याच आठवड्यात तुमच्या मुलाला, मिलिंदला सांगितलंत, "पोट्टीची नोकरी सुटली नाही पाहिजे." नवा रायपूरला जाणारी ऑफिसची बस मला सव्वाआठला पकडायची असे. तुम्ही पाचला उठायचे, म्हणून डबा तुम्हीच भरायला घेतलात. लिंबाचं लोणचं इतकं घालायचे, की ऑफिसात माझ्या डब्यावर तीन जणींचा हक्क असायचा.

आणि मग पहिली दिवाळी आली. मी कुणाला न विचारता फाटकाच्या दोन खांबांवर दोन दोन पणत्या लावल्या. विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. तुम्ही बाहेर आलात, थोडा वेळ उभे राहिलात, आत गेलात. विझवल्या नाहीत. सकाळी मी उठले तेव्हा तुम्ही साबणाच्या पाण्याने खांबावरचे तेलाचे डाग घासत होता.

"तुले जे मानायचं ते तू मान," तुम्ही म्हणालात. "तुह्या खोलीत ठेव. दारात नको."

"दिवा तं दिवाच असते ना मामाजी. त्याच्यात काय आहे?"

"कोणाच्या दारात लागला ते पाहा लागते."

एवढंच. आवाज चढला नाही. पण मला ते फार लागलं. बाकी सगळ्या गोष्टींत हे घर माझं होतं आणि त्या एका दिवशी मी पाहुणी होते. त्यानंतर आठ वर्षं मी माझ्या खोलीच्या खिडकीत एकच पणती लावत आले. दर वर्षी एकदा विषय निघायचा आणि दर वर्षी तो तिथेच अडायचा. मी म्हणायची, काहून ते तरी सांगा. तुम्ही म्हणायचे, सांगून काय होते.

मग तुमचा गुडघा गेला. चौदा एप्रिलच्या जयंतीला दर वर्षी मंडपवाल्याकडून दिव्यांची झालर आणायची, स्टुलावर चढून ती टांगायची, अर्धे बल्ब पहिल्याच संध्याकाळी बंद पडायचे. त्या वर्षी स्टूल घसरलं. दोन महिने तुम्ही पाय लांब करून बाहेरच्या खोलीत बसलात आणि मोबाइल पाहायला शिकलात. पुढच्या जयंतीच्या दीड महिना आधी एक दिवस मला बोलावून एक व्हिडिओ दाखवलात.

"हे पाह्य. हे लोक घराले एकदाच लाइट लावून देते. कायमचे. छज्ज्याच्या खाली पट्टी ठोकायची. दिवसा दिसत नाही, संध्याकाळी जो रंग पाहिजे तो मोबाइलवरून लावायचा."

"चांगलं आहे. इलेक्ट्रिशियनले बोलवू."

"काहून? मी काय मेलो का?"

मामाजी, हे वाक्य आता मला लिहवत नाही, पण तुम्ही ते असंच म्हणाला होता.

मिलिंदने फॅक्टरीची शिफ्ट आणि उंचीची भीती ही दोन्ही कारणं सांगितली आणि मोकळा झाला. तिसऱ्या पायरीवर त्याला घाम फुटतो हे आपल्याला माहीतच होतं. तुमचा गुडघा तुम्हाला वर जाऊ देणार नव्हता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "तू चढ. मी धरतो."

मी आयुष्यात कधी स्टुलाच्या वर चढले नव्हते. ओढणी कमरेला बांधली, तुमचा जुना चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पहिल्या रविवारी छज्ज्याखाली भोकं पाडली. तुम्ही आधी सुतळीला खडू चोळून सरळ रेघ मारून घेतली होती. तुमचा नियम एकच होता: एक हात कामाला, एक हात शिडीला. ड्रिलला दोन हात लागतात म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "मग दुसरा हात माहा."

समोरचे साहू भैया ओट्यावर बसून तमाशा पाहत होते. म्हणाले, "बाबूजी, बहू को ऊपर चढ़ा दिया और खुद नीचे खड़े हो?"

तुम्ही मान न वळवता म्हणालात, "ऊपर का काम उसको आता है भैया. मेरे को पकड़ने का आता है."

मला अजिबात येत नव्हतं. पण त्यानंतर यायला लागलं.

असे चार रविवार गेले. ते लाइट म्हणजे बटणाएवढे दिवे, एका वायरीत ओवलेले. तुम्ही त्यांना मणी म्हणायचे. ॲल्युमिनियमच्या पट्टीला भोकं असतात, त्यात एकेक मणी बसवायचा आणि पट्टी स्क्रूने छज्ज्याला आवळायची. पट्ट्या तुम्ही खाली उन्हात बसून हॅक्सॉने कापायचे, काठ कानशीने घासायचे, मणी बसवून मला वर द्यायचे. जोड मी करायची. प्रत्येक जोड झाला की खालून आवाज यायचा, "ओढून पाह्य." मी ओढायची. सुटला की परत. तुमच्यासमोर सुटलेला जोड लपवता येत नसे, तुम्ही खालून वायरीचं हलणं पाहून ओळखायचे.

तिसऱ्या रविवारी मी वर होते आणि स्क्रू घट्ट करत होते. तुम्ही खाली शिडी धरून होता. मला तुमचं तोंड दिसत नव्हतं, तुम्हाला माझं. अचानक तुम्ही म्हणालात, "तू विचारत होती ना, काहून."

मी हात चालूच ठेवला.

"आमच्या गावात एक मोठं घर होतं. दिवाळीच्या आधी माह्या बापाले तिथं अंगण झाडाले बोलवत. झाडायचं, खरकटं उचलायचं, लाकडं फोडायची. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर दिवे लागले का मंग आम्ही रस्त्यावरून पाहायचे. ओट्यावर पाय ठेवायचा नाही. एका वर्षी मी लहान होतो, दिव्याकडे पाहता पाहता पायरीवर चढलो. मले कोणी मारलं नाही. माह्या बापाले बोलवलं अन् पुरा ओटा त्याच्या हातून धुवून घेतला. दिवे बाजूले काढून. सणाच्या दिवशी."

मी ऐकत होते.

"धम्म घेतला त्या वर्षी बाप म्हणे, या दिवसाचा दिवा आपल्या दारात लागणार नाही. मी म्हटलं, हव. आता तो नाही तं त्याले जाऊन विचारता येत नाही, बाबा, आता लावू का. म्हणून."

मग तुम्ही म्हणालात, "तो स्क्रू तिरपा चालला. काढून परत लाव."

तुम्हाला स्क्रू खालून दिसला. माझे डोळे दिसले नाहीत, हे बरं झालं.

त्या दिवशी संध्याकाळी वीज जोडली तेव्हा पहिल्या दोन पट्ट्या लागल्या आणि तिसरीपासून पुढे अंधार. तुम्ही मीटर लावलं, वीज तर येत होती. चहा दोनदा झाला. शेवटी तुम्हीच म्हणालात, "बाण पाह्य बरं." प्रत्येक मण्यावर एक छोटा बाण असतो, सिग्नल त्याच दिशेने पुढे जातो. तिसरी पट्टी उलटी बसली होती. तुम्ही म्हणालात मी उलटी लावली, मी म्हटलं तुम्ही उलटी दिली. हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. पाहुणे आले की तुम्ही तो त्यांच्यासमोर काढायचे. "आमच्या सूनबाईंनं सिग्नलवाल्याच्या घरी सिग्नल उलटा लावला."

आज कबूल करते. तुम्ही सरळच दिली होती. मी बाण पाहिला नाही, कारण मी ऐकत होते. हे तेव्हाच सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा कधी शिडीखाली काही बोलला नसतात, अशी मला भीती वाटली. म्हणून मी दीड वर्ष खोटं भांडले.

चौथ्या रविवारी पूर्ण पांढरा रंग लावून पाहिला तर दूरच्या टोकाचे मणी लालसर दिसायला लागले. तुम्ही हसलात. "टोकापर्यंत जाऊन जाऊन वीज थकते. त्या बाजूनं बी जेवण द्या लागते." ॲडॅप्टरपासून दुसरी वायर नेऊन त्या टोकाला जोडली आणि रंग शुभ्र झाला. मग मोबाइलवर रंगांचं चाक उघडलं आणि तुम्ही गडबडलात. बोट कुठेही ठेवलं की नवाच रंग यायचा. "माही पुरी नोकरी लाल, पिवळा, हिरवा या तीन रंगांत गेली," तुम्ही म्हणालात. "एवढे रंग घेऊन गाडी न्यायची कुठं?"

जयंतीला आपलं घर निळं झालं. छज्ज्यापासून भिंतीवर निळा प्रकाश उतरत होता आणि आपल्या बीरगांवची ती काळपट भिंत, जी रोज पुसली तरी रोज काजळते, तीसुद्धा धुतल्यासारखी दिसत होती. पाऱ्यातले लोक फोटो काढायला आले. तुम्ही मात्र गायब. मी शोधलं तर तुम्ही रस्त्यापलीकडे साहू भैयांच्या ओट्यावर बसून घराकडे पाहत होता. मी जवळ गेले. म्हटलं, आता तुम्ही काहीतरी चांगलं बोलाल.

"डाव्या कोपऱ्यातला एक मणी वाकडा आहे," तुम्ही म्हणालात. आणि अर्धा तास तिथून उठला नाहीत.

त्यानंतर दिवाळी आली. गेल्या वर्षीची. मी मनाशी ठरवलं होतं, या घरात आता हा विषय काढायचा नाही. मला कारण कळलं होतं. त्या वर्षी खोलीतल्या खिडकीतही मी पणती लावली नाही. संध्याकाळ होत आली होती, मी पोळ्या करत होते. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आलात आणि मोबाइल पुढे केलात.

"वर्षा, रंग लावतं का?"

मला आधी कळलंच नाही. "कशाचा?"

"बाहेर. हा लाइट काही कोणाच्या ओट्यावरचा नाही. तुह्या माह्या हातचा आहे. तुले जो आवडते तो लाव."

हात पिठाचे होते. मला वाटलं, हा माणूस माझ्यासाठी स्वतःच्या बापाला दिलेला शब्द मोडतो आहे. तो शब्द काय होता हे मी शिडीवर उभं राहून ऐकलं होतं. तो माझ्यापायी मोडायला नको.

"राहू द्या मामाजी," मी म्हटलं. "गरज नाही."

तुम्ही मोबाइल खिशात ठेवलात. "बरं," म्हणालात आणि गेलात.

तुमचा मान ठेवला, या समाधानात मी उरलेल्या पोळ्या केल्या. नंतर जेवताना तुम्ही गप्प होता. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, की तुम्हाला वाटलं तर नसेल, वर्षाचा राग अजून गेला नाही म्हणून. विचारीन म्हटलं. दुसऱ्या दिवशी विचारलं नाही. मग आठवडा गेला. मग ते विचारणं अवघड होऊन बसलं.

राग नव्हता, मामाजी. अजिबात नव्हता.

जानेवारीत माझ्या वाढदिवसाला ऑफिसात उशीर झाला, नवा रायपूरची बस चुकली, पुढची यायला तास लागला. चौकातून वळले तर लांबून आपलं घर हळदीसारखं पिवळं दिसलं. फाटकात तुम्ही उभे. "तुहा आवडता रंग मले माहीत नव्हता," म्हणालात. "म्हणून मिलिंदले फोन लावला. त्याले बी माहीत नव्हता. मंग तुह्या कपाटात पाहिलं, पिवळे ड्रेस जास्त दिसले." मी खूप हसले. तेव्हा दिवाळीचं बोलायची चांगली संधी होती. हसण्यात राहून गेलं.

त्या दिवशी, शेवटच्या दिवशी, तुम्ही मला अकराच्या सुमारास ऑफिसात फोन केलात. कोपऱ्यातला एक मणी लागत नाही, रविवारी शिडी काढू, एवढंच काम होतं. मी मीटिंगमध्ये होते, "हव मामाजी, ठेवते," म्हणून ठेवला. दुपारी जेवून तुम्ही आडवे झालात आणि उठला नाहीत. मिलिंदचा फोन आला तेव्हा मी गाडी करून निघाले. नवा रायपूरचे रस्ते किती रुंद आहेत, किती मोकळे आहेत, आणि तरी ते संपत नव्हते.

लाइट तेव्हापासून बंद होते. काल रविवार होता. चहा पिताना मी मिलिंदला म्हटलं, "तो मणी बदलायचा आहे. शिडी धरशील?"

तो उठला. शिडी लावली. तुम्ही दोन्ही पाय रोवून उभे राहायचे, तो एका पायावर भार टाकून उभा होता. मी सांगितलं तसं त्याने पाय बदलले. मी वर गेले, मेलेला मणी कापून काढला, नवा जोडला, बाण पाहिला. दोनदा पाहिला. आणि काय झालं कोण जाणे, खाली न पाहता मी त्याला ते सगळं सांगितलं. मोठं घर, ओटा, पायरी, तुमच्या वडिलांनी दिवे बाजूला काढून धुतलेला तो ओटा.

खालून तो म्हणाला, "बाबूजी ने मुझे कभी नहीं बताया."

"तू कधी शिडीवर चढला नाहीस," मी म्हटलं.

तो हसला की नाही ते मला दिसलं नाही. मग मी गेल्या दिवाळीचंही सांगितलं. तुम्ही मोबाइल पुढे केलात ते, आणि मी राहू द्या म्हटलं ते. एवढे महिने मी ते कुणाला बोलले नव्हते.

मिलिंद म्हणाला, "उस दिन?" आणि थांबला. मग मराठीत म्हणाला, जे तो क्वचितच बोलतो. "त्या दिवशी बाबूजींनी नवीन पांढरा शर्ट घातला होता. चार वाजल्यापासून घालून बसले होते. दाढी पण केली. मी विचारलं, कुठं जाऊन राहिले का. म्हणे, नाही, बाहेर उभं राहायचं आहे थोडं."

मी पट्टीला हात लावून तशीच उभी राहिले. तुम्ही शब्द मोडायला निघाला नव्हता, मामाजी. तुम्ही तयार होऊन बसला होता. तुम्हाला तुमच्या स्वतःच्या दारात, स्वतः लावलेल्या उजेडाखाली, त्या दिवशी, नवा शर्ट घालून उभं राहायचं होतं. आणि मला सोबत घ्यायचं होतं. मला वाटलं, तुम्ही मला काही देता आहात. तुम्ही तर मागत होता.

खालून मिलिंदने विचारलं, "उतरतेस का?"

"थांब," मी म्हटलं. "शेवटचा स्क्रू आहे."

स्क्रू केव्हाच लागला होता. थोड्या वेळाने मी म्हटलं, "दिवाळीले सुट्टी घेशील? संध्याकाळी आपण दोघं फाटकात उभं राहू."

"और लाइट?"

"लावू."